घरच्या कॉम्प्युटरला यूपीएस लागतो का, की स्पाइक गार्ड पुरतो? आधी घरातली लाईट तपासा

औसा तालुक्यातल्या एका गावातून एका सरांनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा: मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालं म्हणून ४८ हजारांचा डेस्कटॉप घेतला. गावात लाईट दिवसातून तीन-चार वेळा जाते, घरात १५० एएचच्या बॅटरीचा इन्व्हर्टर आधीपासून आहे. दुकानदार म्हणतो ११०० व्हीएचा (व्हीए म्हणजे ताकदीचा आकडा) यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर काही वेळ मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, घ्याच, नाहीतर मशीन उडालं तर माझ्याकडे येऊ नका. मेहुणे म्हणतात साडेतीनशेचा स्पाइक गार्ड लावा, बास झालं. आणि शेवटी सहज एक ओळ, की कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, नवीन मशीन आहे म्हणून असेल का?

सर, ती शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत पण माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नात महत्त्वाची तीच आहे, तिच्याकडे येतो. मी लातूरला गेली २२ वर्षं कॉम्प्युटर, एसएमपीएस (कॅबिनेटमधला लाईट घेऊन मशीनला पुरवणारा डबा), यूपीएस दुरुस्तीचं काम करतोय, आणि माझ्या टेबलावर जी जळालेली मशीन आली त्यातली बहुतेक लाईट गेल्यामुळे जळालेली नव्हती, लाईट परत येताना किंवा नको तेवढी आल्यामुळे जळालेली होती. लोक मात्र पैसे घालवतात ते लाईट जाण्यावरच. हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी आहेत, आणि एका औषधाने दोन्ही बरे होतील असं समजून यूपीएस घेतला की चार-पाच हजार खर्चूनही मशीन उघड्यावरच राहतं.

आधी लाईट जाण्याचं बघू. आपली लाईट २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. चांगला एसएमपीएस फुल लोडवर असताना लाईट तुटली तर साधारण १६-१७ मिलिसेकंद आतल्या कपॅसिटरच्या जोरावर तग धरतो, लोड कमी असेल तर अजून थोडं जास्त. म्हणून कधी बल्ब लुकलुकतो पण मशीन चालूच राहतं आणि कधी नुसती पापणी लवल्यासारखी लाईट गेली तरी रिस्टार्ट होतं. पण नुसती लाईट गेल्याने मदरबोर्ड जळत नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्कसुद्धा लाईट गेली की स्वतःच्याच फिरण्यातून उरलेल्या ताकदीवर हेड बाजूला नेऊन ठेवते, तेवढी सोय तिच्यात असतेच.

जातं ते काम. आमच्याकडे एक डीटीपीवाला पोरगा आला होता, १६ पानांची स्मरणिका रात्रभर लावलेली, सेव्ह करत असतानाच लाईट गेली, परत मशीन चालू केलं तर फाईल दिसतेय, नाव बरोबर, पण साईझ शून्य. विंडोजची फाईल सिस्टीम जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, ठेवते, त्यामुळे ड्राइव्हचा हिशोब सहसा बिघडत नाही, पण त्या क्षणी फाईलमध्ये जे लिहिलं जात होतं त्याची हमी ती देत नाही, आणि साध्या एसएसडीत लाईट गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करायला लागणारे जास्तीचे कपॅसिटर नसतात, ते महागड्या सर्व्हरच्या एसएसडीत असतात. दुसरी धोक्याची वेळ म्हणजे विंडोजचा मोठा अपडेट आणि बायोसचा (मदरबोर्डच्या चिपमधल्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) अपडेट. बायोस अपडेट करताना लाईट गेली तर काही मदरबोर्ड तिथेच गप्प होतात, मग चिप काढून प्रोग्रॅम करावी लागते. लाईटच्या बॅकअपशिवाय बायोस अपडेटला हात लावायचा नाही, हे मुलीला आत्ताच सांगून ठेवा.

म्हणजे लाईट जाण्यासाठी बॅकअप लागतो का, तर स्वतःला एवढंच विचारायचं की अचानक बंद पडलं तर माझं काय बुडतं. ऑनलाइन परीक्षा, प्रोजेक्ट, इंटरव्ह्यू, टॅली, डीटीपी असं काही असेल तर लागतो. फक्त व्हिडिओ बघणं आणि बिलं भरणं असेल तर नाही घेतला तरी चालतो. आणि लॅपटॉप असेल तर विषयच मिटला, बॅटरी त्याच्या पोटात आहे, ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. माझा धाकटा भाऊ पुण्याला फ्लॅटमध्ये राहतो, तिकडे दर गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट घालवतात ती बहुतेक आधी कळवून, त्याला मी फक्त राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस घ्यायला लावला. राऊटर दहा-बारा वॅटसुद्धा खात नाही, तीन-चार तास आरामात चालतो.

व्होल्टेज कमी असण्याची पण लोकांना फार भीती असते. तुमच्याकडे मोटारी चालू झाल्या की लाईट डिम होते, मला माहितीये, मी त्याच भागातला आहे. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत एसएमपीएसवरचं लेबल वाचा. त्यावर इनपुट १००-२४० लिहिलं असेल तर १६०-१७० व्होल्टलाही त्याला काही होत नाही, थोडा करंट जास्त ओढतो इतकंच. २००-२४० लिहिलं असेल तर तो एका मर्यादेखाली बंद पडेल, त्रास होईल पण जळणार नाही. म्हणून कॉम्प्युटरसाठी वेगळा स्टॅबिलायझर मी कुणालाच सांगत नाही, ते पैसे दुसरीकडे लागतात.

आता दुसरा आजार, जास्तीची लाईट. इथे थोडा वेळ घेतो कारण नुकसान खरं इथे होतं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या गल्लीत डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) येणारा न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, तुटला. तिचा फोन आला, म्हणाली अरे पंखा एकदम जोरात फिरायला लागलाय आणि बल्ब पांढराफेक पडलाय, समोरच्यांच्या घरी मात्र बल्ब निखाऱ्यासारखा झालाय. मी म्हटलं आक्का, पहिले मेन बंद कर, बाकीचं नंतर बोल. तिने केला म्हणून तिचं वाचलं. मी गाडी काढून गेलो, मेनच्या अलीकडे मीटर लावला तर ३६० व्होल्ट. त्या गल्लीत त्या दिवशी चार टीव्ही, तीन सेट टॉप बॉक्स, एक फ्रीज आणि दोन कॉम्प्युटर गेले.

असं का होतं ते समजून घ्या. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०, पण दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास. आपल्या घरी एक फेज आणि न्यूट्रल येतो, शेजाऱ्याकडे दुसरा फेज आणि तोच न्यूट्रल. न्यूट्रल वाटेत तुटला की दोघांची घरं दोन फेजच्या मध्ये एकामागे एक जोडल्यासारखी होतात, आणि ते ४०० व्होल्ट दोघांत वाटले जातात ते सारखे नाही, ज्याच्या घरात लोड कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. म्हणजे ज्याने गिझर, मिक्सर काही लावलेलं नाही, नुसता पंखा आणि कॉम्प्युटर चालू आहे, त्याचंच जळणार.

त्या दोनपैकी एक कॉम्प्युटर माझ्याकडेच आला. एसएमपीएसचं झाकण काढलं तर माशाच्या वासासारखा वास, आतले दोन मोठे कपॅसिटर डोक्यावर फुगून फाटलेले, प्रत्येकी २०० व्होल्टचे, दोन मिळून ४००. २३० व्होल्ट एसी आत गेल्यावर डीसी होतो तेव्हा तो साधारण ३२५ व्होल्ट असतो, म्हणून ४०० चे कपॅसिटर घालतात, रोजच्यासाठी पुरतात. पण ३६० एसी आत गेला की तेच ५०० च्या वर जातं. ते तिथे टिकणारच नाहीत. आणि त्या घरात स्पाइक गार्ड होता बरं का, बाराशे रुपयांचा होता.

स्पाइक गार्डने का वाचवलं नाही? तो पण मी उघडला. आत आठ आण्याच्या नाण्याएवढी एक गोल चकती असते, तिला एमओव्ही म्हणतात. ती साध्या व्होल्टेजला गप्प बसते, व्होल्टेज एका मर्यादेवर उसळलं की वाट मोकळी करून जास्तीचा भार स्वतःवर घेते. पण ती बनवलीय ती मायक्रोसेकंदांच्या झटक्यासाठी, कुठेतरी वीज पडली, डीपीवर काही स्विच झालं, असा क्षणभराचा झटका. आपल्याकडच्या गार्डमध्ये बहुतेक २७५ व्होल्ट कायम सोसणारी चकती असते. तिला ३६० व्होल्ट मिनिटभर दिलं तर ती बिचारी तापून फुटते. यात ती दोन तुकडे होऊन काळी पडली होती, आजूबाजूचं प्लास्टिक वितळलं होतं. गादीजवळ असता तर आग लागली असती.

तेव्हा स्पाइक गार्ड झटक्यासाठी आहे, न्यूट्रल तुटण्यासाठी नाही, हा फरक दुकानात कुणी सांगत नाही. न्यूट्रल तुटण्यावर औषध म्हणजे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्या शेजारी डीबीत, म्हणजे घरच्या मेन स्विचच्या पेटीत, बसतो, समोर आकड्यात व्होल्टेज दिसतं, तुम्ही लावलेल्या हद्दीच्या वर किंवा खाली गेलं की अख्ख्या घराची लाईट तोडतो आणि ठीक झालं की थोडा वेळ थांबून परत जोडतो. मी वरची हद्द २७० आणि खालची १६० लावून देतो, आणि परत जोडायचा वेळ दोन मिनिटं, कारण लाईट परत येते तेव्हा पहिली काही सेकंद ती उसळ्या मारत येते, सगळ्या गावाचे फ्रीज-मोटारी एकदम सुरू होतात. वस्तू साधारण हजार-बाराशेला येते, वायरमनची मजुरी वेगळी. यात कॉम्प्युटरच नाही, फ्रीज आणि टीव्ही पण वाचतो. आणि एमसीबी आहे ना म्हणाल, तर एमसीबी जास्त करंटला पडते, जास्त व्होल्टेजला नाही.

बाकी साडेतीनशेच्या गार्डबद्दल: त्यातले कित्येक मी उघडून पाहिलेत, आत एक स्विच, एक लाल दिवा, एक फ्यूज, संपलं. चकतीच नाही. ते एक्स्टेंशन बोर्ड आहेत, नाव गार्ड आहे. घ्यायचाच असेल तर पाकिटावर ज्यूल किती आणि किती किलोॲम्पिअर लिहिलंय ते बघा, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्हीकडे संरक्षण आहे का बघा, आणि चकती संपली की सांगणारा वेगळा दिवा आहे का बघा. एमओव्ही प्रत्येक मोठ्या झटक्यात थोडी थोडी झिजते, बाहेरून काहीच कळत नाही, स्विचचा दिवा लागतोय म्हणजे आत जीव आहे असं नाही.

आता तुमच्या मुंग्या. सर, मशीन नवीन असल्याने नाही, तुमच्या बोर्डात अर्थिंग नाही म्हणून येतायत. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यात दोन छोटे कपॅसिटर, एक फेजकडून कॅबिनेटला आणि एक न्यूट्रलकडून कॅबिनेटला. अर्थ नीट असेल तर त्यातून झिरपणारा बारीकसा करंट जमिनीत जातो, कुणाला कळतही नाही. अर्थ नसेल तर कॅबिनेट अधांतरी राहतं आणि त्यावर मेनच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. टेस्टर लावा, मंद पेटेल. करंट फार बारीक असतो म्हणून सहसा नुसत्या मुंग्या येतात, पण त्याचा दुसरा अर्थ असा की उद्या आत एखादी फेजची वायर कॅबिनेटला टेकली तर ती जाणार कुठे, तर हात लावणाऱ्यातून. आणि वर जे तिन्हीकडचं संरक्षण म्हटलं त्यातल्या दोन बाजू अर्थशिवाय कामच करत नाहीत, कारण झटका लोटायचा कुठे तेच नाही.

आपल्याकडे जुन्या घरांत काय काय सापडतं बघा. तीन पिनचा सॉकेट असतो पण मागे तिसऱ्या पिनला वायरच नसते. किंवा वायर असते, ती भिंतीतून जाते, बाहेर अंगणात पाईपला बांधलेली असते, पाईप गंजून गेलेला. किंवा खड्डा व्यवस्थित केलेला असतो, कोळसा-मीठ घालून, पण दहा वर्षं कुणी पाणी घातलेलं नाही, मे महिन्यात आपली काळी जमीन भेगाळते तेव्हा तो अर्थ नावालाच उरतो. आणि सगळ्यात वाईट, ज्यावर मी प्रत्येक वेळी चिडतो, ते म्हणजे काही वायरमन बोर्डातच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला लूप मारून देतात. मुंग्या लगेच थांबतात, टेस्ट लॅम्प झकास पेटतो, घरमालक खूश. पण घरात येणारा न्यूट्रल कुठेही सुटला की तुमच्या कॅबिनेटवर, फ्रीजच्या दारावर, वॉशिंग मशीनवर थेट फेज येतो. हे जीवघेणं आहे, अक्षरशः.

म्हणून चांगला वायरमन बोलवा, स्वतः करू नका, पण तो काय करतो ते समोर उभं राहून बघा. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल बघायचं, फेज-अर्थ बघायचं, ते दोन्ही जवळपास सारखे आले पाहिजेत. मग न्यूट्रल-अर्थ, घरात लोड चालू असताना एक ते तीन व्होल्ट आला तर छान, दहाच्या वर असेल तर काहीतरी गडबड. आणि लोड चालू असूनही अगदी शून्य दाखवत असेल तर खूश होऊ नका, मेन बंद करून बोर्ड उघडायला लावा आणि लूप मारलाय का बघा. नंतर फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून बघायचा, पूर्ण पेटला पाहिजे. नुसता मीटर इथे फसवतो, कमजोर अर्थवरही २३० दाखवतो, बल्बने भार पडला की खरं कळतं. घरात आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईट तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताक्षणी ती पडेल, ते बरोबरच आहे, घाबरायचं नाही.

आता इन्व्हर्टरचं. तुमच्याकडे आहे, म्हणजे बॅटरी म्हणून १२ गुणिले १५०, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास घरात पडलेत. दुकानदार जो ६०० व्हीएचा यूपीएस विकतो त्यात १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास, ११०० मध्ये बहुतेक अशा दोन. फरक तुम्हीच बघा. मग प्रश्न एवढाच उरतो की लाईट गेल्यावर इन्व्हर्टर एसएमपीएसच्या सहनशक्तीच्या आत चालू होतो का. बहुतेक इन्व्हर्टरवर एक छोटा स्विच असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा वाइड मोड. यूपीएस मोडमध्ये तो दहा-पंधरा मिलिसेकंदात बदलतो, मशीनला कळत नाही. वाइड मोडमध्ये जास्त वेळ घेतो, मशीन रिस्टार्ट होतं.

पण इथे आपल्या गावाकडची अडचण आहे. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टमधलीच लाईट स्वीकारतो, त्याखाली गेली की लाईट असूनही बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी १७० होत असेल तर तो लाईट असताना बॅटरी खात बसेल, आणि खरी लाईट जाईल तेव्हा बॅटरी रिकामी. म्हणून गावाकडचे बरेच वायरमन बसवतानाच वाइडवर टाकतात, आणि त्यांचं चूक नाही. म्हणून मोजल्याशिवाय ठरवू नका. २००-२५० रुपयांत सॉकेटमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो, तो पंधरा दिवस लावा.

आणि एक परीक्षा करून टाका. यूपीएस मोडवर टाका, मशीन चालू करा, कुठलीही फाईल उघडी ठेवू नका, आणि मेन बंद-चालू करा, मध्ये मिनिटभर थांबून दहा वेळा. दहाही वेळा मशीन चालू राहिलं तर यूपीएसची गरज जवळजवळ संपली. दोन-तीनदा जरी रिस्टार्ट झालं तरी गरज आहे असं धरा. इन्व्हर्टर साइनवेव्ह (मेनसारखीच गुळगुळीत लाईट देणारा) आहे ना तेही बिलावर बघून घ्या, जुन्या स्क्वेअरवेव्हवर काही एसएमपीएस गुणगुणतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसीवाले (करंट सारखा ओढायची सोय असलेले) काही तर बंदच पडतात.

यूपीएस घ्यायची वेळ आलीच तर ६०० व्हीए बास आहे. त्यावर ६०० लिहिलेलं असतं पण वॅट ३६० असतात, ते बारीक अक्षरात. तुमचं मशीन ग्राफिक कार्डाशिवायचं, मॉनिटर धरून ८०-१०० वॅट खाणार. नवीन बॅटरीवर वीस मिनिटांच्या आसपास मिळतील, आणि आपल्या उन्हाळ्यात वर्ष-दीड वर्षाने तेच दहा मिनिटांवर येतं, अडीच-तीन वर्षांत बॅटरी बदलावीच लागते. लेड ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ डिग्रीवर मोजलेलं असतं, दर दहा डिग्री वाढीला ते साधारण निम्मं होतं, आणि आपल्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. बॅटरी फुगलेली दिसली की वापरायची नाही, जुनी देऊन नवीन घ्यायची, भंगारवाल्याला फोडायला द्यायची नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही, गरम होताना एका झटक्यात आठशे-हजार वॅट ओढतो. तुमच्याकडे इन्व्हर्टर असल्याने यूपीएसला फक्त मधली काही मिलिसेकंद भरून काढायचीत, वीस मिनिटं सुद्धा नकोत, म्हणून ११०० वर जास्तीचे तीन-चार हजार घालवू नका. मुलीने पुढे ग्राफिक कार्ड घेतलं तर तेव्हा बघू.

एक गैरसमज मात्र काढून टाका, की यूपीएस किंवा इन्व्हर्टर लावला म्हणजे जास्तीच्या लाईटपासून मशीन वाचलं. घरगुती यूपीएस आणि इन्व्हर्टर दोघेही लाईट असताना तीच लाईट रिलेतून (आपोआप बदलणाऱ्या स्विचमधून) जवळपास तशीच पुढे पाठवतात, फार तर यूपीएस थोडी वर-खाली करून देतो. उसळी आली तर रिले हलेपर्यंत ती मशीनपर्यंत पोचलेली असते. लाईट पूर्ण वेगळी करून देणारा तो ऑनलाइन यूपीएस, बँका-दवाखान्यांत असतो तो, घरासाठी परवडत नाही आणि त्याचा पंखा दिवसभर घोंघावत असतो.

राहिली आकाशातली वीज. आपल्या मराठवाड्यात मे-जूनला वळवात आणि परत पाऊस माघारी जाताना सप्टेंबर-ऑक्टोबरला विजा पडतात, माणसं-जनावरं जातात, दरवर्षी बघतोच आपण. घरावर थेट पडली तर कुठलाही गार्ड वाचवत नाही. पण लांब कुठे पडली तरी खांबावरच्या उघड्या तारांत झटका येतो, त्यासाठी डीबीत टाइप टू एसपीडी (झटका जमिनीत सोडणारा डबा) बसवतात, ती तीच एमओव्हीची पण दमदार आवृत्ती, ४० किलोॲम्पिअरपर्यंतचा झटका पेलणारी, समोर खिडकी हिरवी असेल तर ठीक, लाल झाली की बदलायची. तिची अर्थची वायर जितकी आखूड तितकं चांगलं, अर्ध्या मीटरच्या आत, वायरमनला हे बजावून सांगा, नाहीतर दोन मीटर गुंडाळी करून ठेवतात. आणि अर्थ नसलेल्या घरात ती बसवणं म्हणजे पैसे वाया.

पण खरं सांगू, वळवाला सगळ्यात भरवशाचं म्हणजे पिन काढून ठेवणं. स्विच बंद करणं नाही, पिन भिंतीतून बाहेर. सोबत इंटरनेटची केबल पण काढायची, हे लोक विसरतात. गच्चीवरून गच्चीवर तांब्याची लॅन केबल ओढून नेट दिलेलं असतं तिथे दर पावसाळ्यात माझ्याकडे लॅन पोर्ट (नेटची केबल खोचायची जागा) उडालेले मदरबोर्ड येतात, लाईटच्या बाजूचं सगळं शाबूत. फायबर असेल तर काचेतून करंट येत नाही हे खरं, पण फायबर जिथे संपते त्या नेटच्या डब्याचा ॲडॅप्टर लाईटवरच असतो आणि डब्यातून मशीनला तांब्याची केबल जाते. मोबाईलवर दामिनी ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं. एकदा गडगडायला लागलं की मग मात्र पिनला हात लावायला जायचं नाही, मशीन गेलं तर गेलं.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावीन. पहिलं अर्थिंग, नवीन खड्डा किंवा पाईपचा अर्थ, आणि बोर्डापर्यंत वेगळी हिरवी वायर, दोन-तीन हजार जातील, हे आठ दिवसांत करा आणि तोपर्यंत मुलीला पायात चप्पल घालून बसू द्या, चालू मशीनच्या मागच्या पत्र्याला हात लावू देऊ नका. त्याच दिवशी त्याच वायरमनकडून ओव्हर व्होल्टेजचा प्रोटेक्टर आणि एसपीडी डीबीत टाकून घ्या, एका मजुरीत होईल. मग इन्व्हर्टरची दहा वेळची परीक्षा. इन्व्हर्टर त्या परीक्षेत नापास झाला तरच यूपीएस, तोही ६०० चा. आणि दर रविवारी मुलीचं काम एका बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करून तो ड्राइव्ह काढून कपाटात, मशीनला लावून ठेवलेला ड्राइव्ह मशीनसोबतच जातो.

व्होल्टमीटर लावलात की पहाटे पाचचा, दुपारी दोनचा आणि संध्याकाळी साडेसातचा आकडा वहीत लिहा, लाईट किती वाजता गेली-आली ते शेजारी लिहा. शेतीच्या मोटारींना लाईट कुठल्या आठवड्यात दिवसा असते आणि कुठल्या आठवड्यात रात्री, तेही लिहा, आकडे त्याप्रमाणे बदलतील. पंधरा दिवसांनी मला ते पान फोटो काढून पाठवा, इन्व्हर्टर कुठल्या मोडवर ठेवायचा ते मी त्यावरून सांगतो.